अमेरिकेतलं ड्रिल मुंबईच्या बोर्डाला लावण्याआधी

मुंबईतल्या बहुतेक बोर्डांवर आणि जवळजवळ सगळ्या मल्टिप्लगांवर 'युनिव्हर्सल' भोकं असतात. गोल पिन बसते, चपटीही बसते. अमेरिकेहून आलेल्या ड्रिलच्या दोन चपट्या पिना त्यात अलगद शिरतात आणि घोळ तिथेच होतो. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं वाटतं. पण ड्रिल १२० व्होल्टचं असतं आणि भिंतीत २३० व्होल्ट असतात. खटका दाबला की पहिले काही सेकंद मशीन जोमात फिरतं, नेहमीपेक्षा फारच जोमात. मागच्या फटींतून निळ्या ठिणग्यांचं कडं दिसतं, मग जळक्या वार्निशचा वास येतो आणि मशीन गप्प होतं. दुप्पट व्होल्टेजवर मोटर जवळपास चौपट वीज खेचते, आणि तेवढी उष्णता बाहेर टाकणं आतल्या चिमुकल्या पंख्याला जमत नाही. स्पीड कमीजास्त करणारा खटका असेल तर मोटरच्याही आधी त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स फुटतं.

परदेशी मशिनं इथे नातेवाइकांच्या बॅगेतून येतात, तशीच चोर बाजारातून आणि दारूखान्याकडच्या जहाजांच्या भंगारातूनही येतात. जहाजावरची मुख्य वीज बहुधा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते आणि हातातल्या मशिनांसाठी ११० किंवा २२० व्होल्ट. म्हणून भंगारातलं ग्राइंडर कितीही दणकट दिसलं तरी 'लावून बघू' म्हणायचं नाही. आधी पाटी वाचायची.

पाटी वाचणं

पाटीवर तीन आकडे शोधायचे: व्होल्ट, हर्ट्झ, आणि अँपिअर किंवा वॅट. आपल्याकडच्या मशिनांवर वॅट छापलेले असतात, अमेरिकी मशिनांवर बहुधा अँपिअर. वॅट काढायचे तर अँपिअरला १२० ने गुणायचं. ७ अँपिअरचं ड्रिल म्हणजे ८४० वॅट, १५ अँपिअरची गोल करवत म्हणजे १८०० वॅट.

व्होल्टच्या जागी '१००-२४०' असेल तर काळजी नाही, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लावायचा. मोटरच्या मशीनवर असं क्वचितच दिसतं, चार्जरवर दिसतं. '१२०' असेल तर माल अमेरिका-कॅनडाचा. '१००' म्हणजे जपानचा. '११०' आणि '५० हर्ट्झ' एकत्र, शिवाय पिवळा गोल जाड प्लग असेल तर ते ब्रिटनच्या बांधकाम साइटवरचं मशीन. तिथे साइटवर मुद्दाम ११० व्होल्ट वापरतात. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू अर्थ केलेला असतो, त्यामुळे कुठलीही तार जमिनीच्या हिशेबाने ५५ व्होल्टच्या वर जात नाही. '२३०' किंवा '२२०-२४०' आणि '५० हर्ट्झ' म्हणजे युरोप, दुबई, सिंगापूर इत्यादी. ते इथे फक्त पिन बदलून चालतं, त्यावर आणखी शाई खर्च करायची गरज नाही.

पाटीवरच एका चौकोनात दुसरा चौकोन असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे. त्याला दोनच पिना असतात आणि अर्थिंग लागत नाही. ते चिन्ह नसेल आणि तीन पिना असतील तर बॉडी अर्थ झालीच पाहिजे. तिसरी पिन पकडीने मोडून मशीन दोन पिनांच्या भोकात ठोकणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात आपलं मशीन देऊ नये.

आत मोटर कुठली आहे

व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने बदलता येतं. हर्ट्झ त्याने बदलत नाहीत, भिंतीतले ५० ते ५० च राहतात. त्यामुळे सगळा निर्णय मोटरवर आहे.

हातात धरायची जवळपास सगळी मशिनं, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, गोल करवत, जिगसॉ, राउटर (लाकडात खाचा पाडणारं मशीन), रंधा आणि मार्बल कटर, कार्बन ब्रशवाल्या मोटरवर चालतात. मोटरच्या दोन बाजूंना स्क्रूड्रायव्हरची खाच असलेली दोन काळी बटणं दिसतात, त्यांच्या मागे कार्बन बसलेले असतात. काही मशिनांत ती आवरणाखाली असतात, पण कर्कश आवाज आणि फटींतून दिसणारी बारीक ठिणगी यांवरून ओळख पटते. या मोटरला ५० आणि ६० हर्ट्झ सारखेच. व्होल्टेज योग्य दिलं की काम झालं.

टेबलावर किंवा जमिनीवर ठेवायची मशिनं, म्हणजे बेंच ग्राइंडर, ड्रिल प्रेस, मोठं टेबल सॉ आणि बरेचसे पट्ट्यावर चालणारे कॉम्प्रेसर, इंडक्शन मोटरवर असतात. बिडाच्या फासळ्या, वर कपॅसिटरचा उंचवटा आणि शांत गुणगुण ही त्यांची खूण. यांचा वेग हर्ट्झवर ठरतो. त्यांच्याकडे पुढे वळू, कारण तिथे ट्रान्सफॉर्मर घेऊनही पैसे पाण्यात जाऊ शकतात.

ट्रान्सफॉर्मर किती मोठा

मशीन सुरू होताना क्षणभर पाटीवरच्या आकड्याच्या कितीतरी पट करंट ओढतं. म्हणून ड्रिल, जिगसॉ, सँडर यांना पाटीच्या वॅटच्या दीडपट व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद त्यात मोजतात) धरायचे आणि गोल करवत, ग्राइंडर, राउटर यांना दीडपटीहून जास्त, दुपटीपर्यंत. ८४० वॅटच्या ड्रिलला १५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर निवांत पुरतो. १८०० वॅटच्या करवतीला ३००० व्हीए, म्हणजे तीन केव्हीए, लागतो. पूर्ण भाराला तो भिंतीतून १३ अँपिअर घेईल, म्हणजे ६ अँपिअरचा लहान प्लग चालणार नाही, १६ अँपिअरचाच मोठा पॉइंट लागेल. जुन्या चाळीत असा पॉइंट बहुधा एकच असतो आणि तो गीझर किंवा एसीने अडवलेला असतो. हेही घरातून निघण्याआधी बघून घ्यावं.

ट्रान्सफॉर्मर दोन जातींचे. 'ऑटो'मध्ये एकच वाइंडिंग (तारेचं वेटोळं) असून मधून ११० चा टॅप, म्हणजे जोडणीची तार, काढलेला असतो. 'आयसोलेशन' किंवा 'डबल वाइंडिंग'मध्ये दोन वाइंडिंग एकमेकांपासून अलग असतात. ऑटो स्वस्त आणि हलका. २३० चे ११० करताना त्याच्या गाभ्यावर साधारण निम्माच भार येतो, त्यामुळे त्याच ताकदीचा आयसोलेशन वजनाने दुपटीच्या जवळ जातो. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर दुकानदार न विचारता ऑटोच हातात ठेवतो. घरात कोरड्या जागी डबल इन्सुलेटेड ड्रिल चालवायचं असेल तर ऑटो चालतो. बाथरूमच्या टाइल कापायच्या असतील, पाणी असेल किंवा मशीनची बॉडी धातूची असेल तर आयसोलेशनच घ्यावा. ऑटोमध्ये टॅप आणि न्यूट्रल यांमधली तार तुटली तर ११० च्या भोकात थेट २३० येतात, आणि हे कळतं ते मशीन जळल्यावर.

कुठला ट्रान्सफॉर्मर हातात आलाय हे दुकानातच तपासता येतं. मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा. इनपुटच्या पिनेला एक टोक आणि आउटपुटच्या भोकात दुसरं. काही ओहम दाखवले तर ऑटो. एकमेकांशी कुठलाच संबंध दाखवला नाही तर आयसोलेशन. हे करताना प्लग भिंतीत नको.

विकत घेताना आणखी विचारायचं ते असं. वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं? आउटपुटला स्वतःचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे का? टॅप ११० चा की १२० चा? मुंबईत व्होल्टेज २३० च्या थोडं वर-खाली होत राहतं, त्यामुळे ११० चा टॅप कधी १०५ देतो तर कधी ११७. अमेरिकी मशीनला दोन्ही चालतात, ताकद किंचित कमी वाटेल एवढंच. जपानी मशीनला मात्र १०० चा वेगळा टॅप मागावा, कारण ११० वर ते वीसेक टक्के जास्त वीज खाईल आणि लांब कामात तापेल. छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवण्यापेक्षा पेटी उचलून बघावी. दीड केव्हीएची पेटी एका हाताने सहज खेळवता आली तर आकडा फुगवलेला आहे असं समजायला हरकत नाही.

जोडणी

आधी भिंतीतला पॉइंट तपासायचा. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० च्या रेंजवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्यायची. पहिली दोन २३० च्या आसपास आणि तिसरं पाचेक व्होल्टच्या आत असायला हवं. फेज-अर्थ मध्ये काहीच दिसलं नाही तर त्या पॉइंटला अर्थिंग नाही. पागडीच्या जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं. तीन पिनांचं मशीन तिथे लावू नये.

मग मशीन न जोडता नुसता ट्रान्सफॉर्मर लावून आउटपुट मोजायचा. १०५ ते १२५ च्या मध्ये आला की पुढे जायचं. ऑटो असेल तर आणखी एक माप घ्यायचंच. आउटपुटच्या दोन्ही भोकांचं अर्थशी व्होल्टेज बघायचं. एकात जवळपास शून्य आणि दुसऱ्यात ११० असेल तर ठीक. एकात २३० आणि दुसऱ्यात ११५ च्या आसपास दिसले तर भिंतीतले फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत. आउटपुटवर दोन भोकांमध्ये ११० च दाखवतील, पण मशीनच्या आतलं सगळं २३० च्या उंचीवर तरंगत राहील. वायरमनला बोलावून आधी पॉइंट सरळ करून घ्यायचा.

ट्रान्सफॉर्मर चालू करताना कधीकधी एमसीबी पडतो. त्या क्षणी विजेची लाट कुठल्या बिंदूवर आहे त्यावर ते ठरतं, त्यामुळे पाचातून एकदा पडला तर घाबरायचं कारण नाही, पुन्हा उचलायचा. दर वेळी पडत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या आत दोष आहे. बी कर्व्हच्या एमसीबीवर हा त्रास जास्त होतो, सी कर्व्हवर कमी. आधी ट्रान्सफॉर्मर, मग मशीन हा क्रम ठेवला तर दोन्हीचे झटके एकत्र येत नाहीत. अर्धा तास मोकळा चालू ठेवल्यावर पेटी कोमट लागली तर हरकत नाही, हात ठेववत नसेल तर परत करावी.

एक्स्टेन्शन नेहमी २३० च्या बाजूला घ्यायचं, ११० च्या बाजूला नाही. ही चूक जाणकारही करतात. ११० वर तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट वाहतो आणि तारेत उष्णता होऊन जाणारी वीज चौपट होते. दीड स्क्वेअर एमएमची वीस मीटर तार, म्हणजे जायची-यायची चाळीस मीटर, तिचा विरोध साधारण अर्धा ओहम. १८०० वॅटची करवत ११० च्या बाजूला त्या तारेवर चालवली तर पंधरा अँपिअरला आठ व्होल्ट वाटेतच जातात. ११० तून आठ गेले की करवत दमायला लागते, आणि दमलेली करवत लाकडात अडकते. तीच तार २३० च्या बाजूला घातली तर पोहोचताना चारच व्होल्ट जातात आणि ट्रान्सफॉर्मरमधून उतरल्यावर त्याचे दोन उरतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर काम करायच्या जागेपाशी न्यायचा आणि मशीनची स्वतःची दोरी थेट त्यात खोचायची. ड्रमवर गुंडाळलेलं एक्स्टेन्शन पूर्ण सोडून वापरायचं, नाहीतर आतले वेटोळे तापून चिकटतात.

मशीनचा मूळ चपटा प्लग कापायचा नाही. भारतीय पिन बसवली की सहा महिन्यांनी घरातला कुणीतरी ते मशीन थेट भिंतीत खोचणार, हे ठरलेलं. युनिव्हर्सल सॉकेटमुळे चपटी पिनही भिंतीत शिरतेच, म्हणून प्लगवर लाल चिकटपट्टीने '११०, ट्रान्सफॉर्मर' असं ठळक लिहावं आणि दोरीचं टोक ट्रान्सफॉर्मरच्याच हँडलला बांधून ठेवावं.

दोरी जळून किंवा कुरतडून बदलायची वेळ आलीच तर रंग लक्षात घ्यायचे. अमेरिकी दोरीत काळी तार फेज असते, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्याकडच्या जुन्या दोऱ्यांत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. सवयीचा वायरमन काळी तार डोळे मिटून न्यूट्रलला लावतो. मग मशीन चालतं, पण खटका न्यूट्रलवर येतो. खटका बंद असतानाही आत वीज पोहोचलेली राहते, आणि कार्बन बदलायला कुणी प्लग न काढता टोपी उघडली तर दणका बसतो. नव्या दोऱ्यांत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जोडण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक तार कुठल्या पिनेला जाते ते बघायचं, रंगावर भिस्त ठेवायची नाही.

जुगाड, जे चालत नाहीत

'एक डायोड टाक, अर्धं व्होल्टेज होतं' हा सल्ला बाजारात हमखास मिळतो. डायोड अर्धी लाट कापतो हे खरं, पण उरलेलं परिणामी व्होल्टेज ११५ नसून १६३ असतं, कारण २३० ला दोनाने नाही तर दोनच्या वर्गमुळाने भागायचं असतं. लाटेचं टोक तर तसंच ३२५ व्होल्टचं राहतं, आणि खटक्यातलं इलेक्ट्रॉनिक्स त्या टोकानेच मरतं.

पंख्याचा रेग्युलेटर शंभर वॅटच्या आसपासचा असतो, त्यावर ग्राइंडर लावणं म्हणजे रिक्षाला ट्रेलर जोडणं. मोठा डिमरही नको, त्यातही लाटेचं टोक कापलं जात नाही. '१६०० वॅट ट्रॅव्हल कन्व्हर्टर' म्हणून तळहाताएवढी डबी मिळते, ती हेअर ड्रायरसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असते. तिच्यावर मोटर झटके खाते आणि स्पीडवाला खटका वेडावतो. घरातला स्टॅबिलायझरही २३० च्या आसपासच व्होल्टेज धरून ठेवतो, त्याचे ११० होत नाहीत. मालिकेत बल्ब जोडून चालवणारे महाभाग आहेत. मशीन मोकळं फिरतं, लाकडाला टेकवलं की थांबतं.

मोटरमधलं फिरतं आर्मेचर आणि त्याभोवतीची स्थिर फील्ड कॉइल २३० ची बसवून घेणं हा खरा पर्याय आहे, पण खटकाही बदलावा लागतो. तिन्हींची किंमत बहुतेकदा नव्या मशीनच्या जवळ जाते. रिवाइंडिंग करून घेतलेलं आर्मेचर तोल साधून घेतलं नसेल तर बेअरिंग वर्षभरात खडखडू लागतात. साध्या एका स्पीडच्या जड मशीनला हे करावं, स्पीडवाल्याला करू नये. आणि घरात वर्षातून चार भोकं पाडायची असतील तर ट्रान्सफॉर्मरही घेऊ नये. इथलं २३० चं ड्रिल घ्यावं, अमेरिकेचं ज्याचं त्याला परत द्यावं.

इंडक्शन मोटरचं गणित

चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची, मोटर ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० च्या हिशेबाने चालते, भाराखाली साधारण १७२५. ५० वर तोच हिशेब १५०० चा, भाराखाली १४२५-१४४०. म्हणजे अमेरिकेचं ड्रिल प्रेस इथे सहाऐवजी पाच फेरे मारणार. वेग कमी झाल्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. मोटरच्या लोखंडातलं चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ यावर ठरतं. हर्ट्झ उतरले आणि व्होल्ट तसेच ठेवले की लोखंड तुडुंब भरतं, करंट वाढतो आणि मोटर नुसती मोकळी फिरतानाही तापते. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर १०० व्होल्टच द्यायला हवेत. म्हणून इथेही १०० चा टॅप मागायचा.

दुसरी गोम सुरुवातीच्या खटक्याची. कपॅसिटर-स्टार्ट मोटरच्या आत एक सेंट्रिफ्यूगल स्विच असतो, तो मूळ वेगाच्या पाऊणपटीला सुरुवातीचं वाइंडिंग सोडतो. १८०० च्या पाऊणपट म्हणजे १३५०. इथे मोटर मुळात १४४० ला पोहोचते आणि जरा भार आला की १३५० कडे घसरते. स्विच पुन्हा जोडला जातो, सुरुवातीचं वाइंडिंग सतत चालू राहतं आणि आधी कपॅसिटर फुगतो, मग वाइंडिंग जळतं. 'मोटर मधूनमधून कुईं करते' अशी तक्रार ऐकली की हेच बघायचं.

पाटीवर '११५/२३०' आणि '५०/६०' दोन्ही असेल तर मोटरच्या झाकणाखाली छापलेल्या आकृतीप्रमाणे तारा २३० ला फिरवायच्या. ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. पट्ट्यावर चालणारं मशीन असेल तर मोटरची पुली वीस टक्के मोठी बसवून वेग परत मिळतो, ७५ मिलिमीटरची असेल तर ९० ची. पट्टा तेवढा लांब लागेल आणि मोटरवर भार वाढेल, त्यामुळे तिला पूर्ण ताकदीने राबवू नये. नुसते ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर मोटरच बदलावी. इथली एक फेज, १४४० ची मोटर नागदेवीला सहज मिळते. शाफ्टचा व्यास आणि पायाच्या भोकांचं अंतर तेवढं मोजून न्यायचं, कारण अमेरिकी मापं इंचात असतात.

बॅटरीची मशिनं

यात मशीनला भिंतीतल्या विजेशी देणंघेणं नाही, प्रश्न फक्त चार्जरचा. लॅपटॉपच्या चार्जरच्या सवयीने लोक समजतात की सगळे चार्जर कुठेही चालतात. पॉवर टूलचे अमेरिकी चार्जर पुष्कळदा नुसते १२० चे असतात. त्यांच्या आतला मोठा कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचा असतो, कारण १२० ची लाट सरळ केली की १७० होते. इथे २३० ची ३२५ होते आणि कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो.

सोपा उपाय म्हणजे तीच बॅटरी चालवणारा २३० चा चार्जर इथेच घेणं. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी बॅटरी सगळीकडे सारखीच. डिवॉल्टची अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकली जाणारी बॅटरी आणि बाकी जगातली '१८ व्होल्ट एक्सआर' एकच आहे. पाच सेल मालिकेत असतात, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४ व्होल्ट आणि सरासरी ३.६, एवढाच आकड्यांचा फरक. बॉशची निळी आणि हिरवी मात्र एकमेकांत बसत नाही.

विमानात सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून. मशीन चेक-इनमध्ये. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॅट-तास मिळतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी ९० ची झाली, ती चालते. १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात.

पाती, डिस्क, कोलेट

वीज जुळली तरी इंच आणि मिलिमीटर जुळायचे राहतात. अमेरिकी साडेचार इंची ग्राइंडरची डिस्क ११५ मिलिमीटरची. इथे १०० आणि १२५ च्या मिळतात तेवढ्या सहज ती मिळत नाही. १०० चीचं भोक १६ मिलिमीटरचं असतं, ती बसणारच नाही. १२५ चीचं भोक २२ चं, ते बसतं, पण गार्डला घासतं आणि मग लोक गार्डच काढून टाकतात. त्यापेक्षा ११५ च्या डिस्क दहाच्या पाकिटाने मागवून ठेवाव्यात. वायर कप घेताना स्पिंडलचे आटे बघायचे. अमेरिकी आटे पाच अष्टमांश इंची, बाकी जगात एम-१४ (१४ मिलिमीटरचे), आणि आपल्या लहान ग्राइंडरचे एम-१०.

सव्वासात इंची गोल करवतीचं पातं १८४ मिलिमीटरचं आणि भोक पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८८ मिलिमीटर. इथलं मोठ्या भोकाचं पातं रिंग घालून बसवताना रिंग घट्ट हवी, नखभर सैल राहिली तरी काप लाटा घेतो. राउटरच्या पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे बिटाची दांडी धरणाऱ्या पकडीत, ६ मिलिमीटरचं बिट घालू नये. पाव इंच म्हणजे ६.३५, तेवढ्या फटीत बिट हळूहळू बाहेर सरकतं. अर्धा इंच आणि १२ मिलिमीटरचंही तसंच.

मुंबईहून तिकडे नेताना

दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, बहारीन इथे २३०-२४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहेत. फक्त तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो. त्याच्या आत फ्यूज असतो: ७०० वॅटपर्यंतच्या मशीनला ३ अँपिअरचा, त्यावर १३ चा. भारतीय गोल पिन अडॅप्टरमध्ये खोचून दिवसभर ग्राइंडर चालवला तर आधी अडॅप्टरच वितळतो, म्हणून प्लगच बदलून घ्यावा.

सौदीत २३० व्होल्ट आहेत पण हर्ट्झ ६०, आणि जुन्या इमारतींत १२७ व्होल्टही सापडतात, त्यामुळे आधी मोजायचं. ड्रिल, ग्राइंडर जसेच्या तसे चालतील. इथला बेंच ग्राइंडर मात्र तिथे वीस टक्के जोरात फिरेल, २८५० चा ३४०० च्या वर जाईल. २०० मिलिमीटरच्या दगडावर '३५ मीटर प्रति सेकंद' अशी मर्यादा असेल तर ती ३३४० फेऱ्यांनाच संपते. दगड बदलूनच सुरू करायचा.

ब्रिटनमध्ये घरी आपलं मशीन चालेल, पण साइटवर बहुतेक ठिकाणी ११० च मागतात. अमेरिकेत १२० चे २४० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तिथल्या साध्या पॉइंटला १५ अँपिअरचा ब्रेकर असतो, म्हणजे जेमतेम १८०० वॅट. इथला २००० वॅटचा सात इंची ग्राइंडर त्यावर चालणं शक्य नाही. अमेरिकी घरांत ड्रायर, एसीसाठी २४० ची लाइन असते, तिच्यावर तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळा पॉइंट काढून घेता येतो. त्या पॉइंटच्या दोन्ही तारांत करंट असतो, न्यूट्रल नसतोच. त्यामुळे मशीनचा खटका बंद केला तरी एक तार जिवंत राहते. पातं किंवा कार्बन बदलताना प्लग ओढून बाहेर काढूनच हात घालायचा.